दारूनं लिव्हर कसं बिघडतं?

दारू जाते पोटात, मग बिघडतं लिव्हर, हे कसं? गटाच्या बैठकीत बायका हे विचारतात. आज त्याबद्दलच बोलू या.

लिव्हर म्हणजे यकृत. उजव्या बरगड्यांखाली असतं. आतड्यांतून निघालेलं रक्त आधी तिथंच जातं. दारू यकृताच्या पेशींना थेट इजा करतेच, पण रोजच्या दारूनं आतड्याचं अस्तरही झिरपायला लागतं. आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडे रक्तातून यकृतात पोचतात. तिथं कुप्फर नावाच्या राखणदार पेशी असतात. त्या लगेच हाक देतात. ही हाक म्हणजे बारीक रासायनिक निरोप. टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन अशी त्यांची नावं. नावं विसरलात तरी चालेल, काम लक्षात ठेवा.

रानात डुकरं शिरली की एकाच्या हाकेनं सगळे धावतात. एखाद्या रात्री ठीक आहे. पण रोज रात्री हाक आली, तर धावणाऱ्यांच्या पायाखालीच पीक तुडवलं जातं. यकृतात तसंच होतं. निरोप ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी जमतात, सूज येते, चांगल्या पेशीही मरतात. मग त्या जागी वण धरतो. वणावर वण चढून यकृत निबर होतं, तोच सिरॉसिस. इतकं होईपर्यंत बऱ्याचदा दुखतसुद्धा नाही.

मग हे निरोपच बंद करणारं औषध का देत नाहीत? डॉक्टरांनी तेही करून पाहिलं. दारूनं यकृताला जबर सूज आलेल्या रुग्णांना टीएनएफ रोखणारी औषधं दिली, तर जंतुसंसर्ग वाढले, मृत्यूही वाढले. कारण जंतूंशी लढायला आणि यकृताची डागडुजी करायलाही असेच निरोप लागतात.

म्हणून दारू थांबवणं हाच खरा उपाय. वेळेत थांबली तर यकृत पुष्कळ सावरतं. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर थरथर, भास, झटके येऊ शकतात. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यानंच सोडायची. आणि हे काम एकट्या बायकोचं आहे, असं आम्ही मानत नाही.

डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोट फुगलं, तर कावीळ उतरवून घेण्यात दिवस घालवू नका. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी किंवा असंबद्ध बरळणं दिसलं, तर त्याच क्षणी १०८ ला फोन करा.