वाचलेले आठवत का नाही?

"सर, वाचताना सगळे समजले होते. पेपर हातात आला आणि काहीच आठवेना."

बारामती-इंदापूर भागातल्या कोणत्याही महाविद्यालयात पहिल्या चाचणीनंतर हे वाक्य हमखास कानावर पडते. बोलणारा विद्यार्थी बहुधा खोटे सांगत नसतो. त्याने खरोखरच वाचलेले असते. कित्येकदा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचलेले असते. दहावीला ऐंशी-नव्वद टक्के मिळवलेल्या मुलाला अकरावीच्या पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी सहा-सात गुण पडतात आणि तो निष्कर्ष काढून मोकळा होतो : 'सायन्स आपल्याला झेपणारे नाही.' काही जण वर्ष कसेबसे रेटतात, काही शाखा बदलतात, काही कॉलेजच सोडतात. पण मित्रहो, निष्कर्ष काढण्यापूर्वी मोजमाप तपासावे, हा विज्ञानाचा पहिला पाठ आहे. 'वाचले' आणि 'आठवले नाही' या दोन घटनांच्या मध्ये नेमके काय घडते, ते आधी पाहू.

दहावी ते अकरावी हे अंतर दिसते एका इयत्तेचे. पण एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलतात. शाळा गावात होती. आता लासुर्णे, अंथुर्णे किंवा निमगाव केतकीहून रोज एस.टी. धरायची. वर्गात ओळखीचे चेहरे कमी. आणि मराठी माध्यमातून आलेल्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा बदल भाषेचा. 'त्वरण' आणि 'संवेग' ज्याला चांगले ठाऊक आहेत, त्याच्यासमोर 'ॲक्सिलरेशन' आणि 'मोमेंटम' येतात. पुढे 'मोमेंट ऑफ इनर्शिया' येते, आणि मोमेंटम व मोमेंट ही सख्खी भावंडे असावीत असा त्याचा समज होतो. (ती तशी नाहीत. एक 'संवेग', दुसरे 'आघूर्ण'. मराठी शब्द येथे इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहेत.)

याचा स्मरणाशी काय संबंध? जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. ऐकलेल्या गोष्टी तेवढ्यापुरत्या मनात धरून ठेवण्याची जी आपली अल्पकालीन स्मृती, तिच्यात एका वेळी साधारण सातच्या आसपास वस्तू मावतात, असे त्याने दाखवले. पुढच्या संशोधकांनी तर हा आकडा चारपर्यंत खाली आणला आहे. म्हणजे ही ओंजळ लहानच. आता तासाला बसलेल्या विद्यार्थ्याच्या ओंजळीतली निम्मी जागा इंग्रजी शब्दांचा अर्थ लावण्यातच गेली, तर सूत्रासाठी उरणार किती? हा बुद्धीचा दोष नव्हे, जागेची अडचण आहे. एकदा शब्द अंगवळणी पडले, की जागा मोकळी होते. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक प्रकरणातील पंधरा-वीस संज्ञांची मराठी-इंग्रजी यादी स्वतःच्या हाताने करणे, हे कितीही किरकोळ वाटले तरी माझ्या मते सर्वांत किफायतशीर काम आहे.

आता विसरण्याकडे वळू. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने विसरण्याचे मोजमाप प्रथम केले आणि १८८५ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्याच्या प्रयोगशाळेत उंदीर नव्हते की विद्यार्थी नव्हते. प्रयोगाचा विषय तो स्वतःच होता. अर्थामुळे लक्षात राहणे सोपे जाते, हे टाळण्यासाठी त्याने 'लुझ', 'गिफ', 'रेब' अशा धाटणीची सुमारे २३०० निरर्थक अक्षरे तयार केली. त्यांच्या याद्या तो पाठ करी, काही काळ जाऊ देई आणि पुन्हा पाठ करी. दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले, हे त्याचे माप. समजा पहिल्यांदा १०० सेकंद लागले आणि तासाभराने तीच यादी पुन्हा पाठ करायला ५६ सेकंद लागले, तर बचत ४४ टक्के. त्याला आढळले ते असे : एका तासाने बचत ४४ टक्के, एका दिवसाने सुमारे ३४, सहा दिवसांनी २५ आणि ३१ दिवसांनी २१.

हे आकडे जरा न्याहाळा. बारावीत तुम्ही किरणोत्सारी पदार्थांचा अर्धायुकाल शिकाल. विसरणे त्या नियमाने चालत असते, म्हणजे दर तासाला मागच्याचे ४४ टक्केच उरत असते, तर दुसऱ्या दिवशी शिल्लक जवळपास शून्य असती. तशी ती नाही. गळती पहिल्या काही तासांत जोराची आहे आणि नंतर ती मंदावते. महिन्याने मागे राहिलेला पंचमांश भाग चांगलाच चिवट आहे. अर्थपूर्ण मजकूर याहून पुष्कळ बरा टिकतो, हेही एबिंगहाउसने कविता पाठ करून पाहिले होते. पण वक्राचा आकार साधारण तोच राहतो.

त्याच पुस्तकात आणखी एक निरीक्षण आहे. बारा अक्षरांची एक यादी एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो परिणाम साधला, तोच परिणाम तीन दिवसांत विभागून केवळ ३८ वेळा म्हटल्याने साधला. श्रम जवळजवळ निम्मे!

आपल्या भागातल्या मुलांना हे नवे वाटू नये. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आपल्याकडे आवर्तनाने येते. चार पाळ्यांचे पाणी एकाच दिवशी शेतात सोडले, तर ऊस चौपट वाढतो का? मुळांना पेलेल तेवढे पाणी जमीन धरते, बाकीचे खाली निघून जाते. आणि फार झाले तर काय होते, तेही या कालव्याच्या काठच्या पाणथळ आणि खारवट झालेल्या जमिनी सांगतात. परीक्षेच्या आदल्या रात्री सबंध प्रकरण डोक्यात ओतणारा विद्यार्थी चार पाळ्यांचे पाणी एकदम सोडत असतो.

परंतु पाळ्या पाडून वाचले म्हणजे काम झाले, असेही नाही. वाचण्याचीच एक गोम आहे. एकच पान तिसऱ्यांदा वाचताना ते सरसर पुढे जाते, आणि 'हे मला येते' असे वाटू लागते. प्रत्यक्षात ते ओळखीचे झालेले असते, येत नसते. रस्त्यात दिसणारा चेहरा ओळखणे वेगळे आणि डोळे मिटून त्या चेहऱ्याचे चित्र काढणे वेगळे. परीक्षेत दुसरे करावे लागते.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये याची चाचणी घेतली. विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री ऊदमांजर यांवरचे छोटे उतारे दिले. एक उतारा दोनदा वाचायचा. दुसरा एकदा वाचून मग कोऱ्या कागदावर आठवेल तेवढा लिहायचा. बरोबर-चूक कोणी सांगत नव्हते. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा दोनदा वाचलेल्या उताऱ्याची सरशी झाली : ८१ टक्के, तर आठवून लिहिलेल्याचे ७५. दोन दिवसांनी मात्र पारडे फिरले : ५४ विरुद्ध ६८. आठवड्याने ४२ विरुद्ध ५६. आणखी एका प्रयोगात त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले, आठवड्याने तुम्हाला किती आठवेल असे वाटते? सर्वांत मोठी अपेक्षा वारंवार वाचणाऱ्यांचीच होती, आणि आठवले सर्वांत कमी त्यांनाच. आपल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्याचे कोडे येथे सुटते. 'वाचताना सगळे समजले होते' हे त्याचे म्हणणे पाच मिनिटांनंतरच्या मोजमापावर आधारलेले होते.

आठवण्याचा प्रयत्न हा नुसता तपास नाही, तो स्वतःच अभ्यास आहे. प्रत्येक वेळी खणून काढलेली गोष्ट पुढच्या वेळी लवकर हाती लागते. पायवाट चालण्यानेच पडते, नकाशाकडे पाहण्याने नाही.

भौतिकशास्त्र आणि गणितात याच्या जोडीला आणखी एक पथ्य लागते. आपण एका प्रकारची दहा उदाहरणे ओळीने सोडवतो आणि दहावे फार सुरेख सुटते. रोरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनाकृतींच्या आकारमानाची उदाहरणे काही विद्यार्थ्यांना प्रकारवार दिली आणि काहींना मिसळून. सरावाच्या वेळी प्रकारवार सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली, तर पहिल्यांचे २० टक्के आणि दुसऱ्यांचे ६३! कारण सरळ आहे. कोणते सूत्र लावायचे हे ओळखणे हाच अर्धा प्रश्न असतो, आणि प्रकारवार सरावात तो कधी विचारलाच जात नाही.

आता ताणाविषयी. पेपर हातात पडताच छातीत धडधडते, तळवे ओले होतात, घशाला कोरड पडते. ही भित्रेपणाची लक्षणे नव्हेत. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनलिन रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायूंना जास्त रक्त मिळते. वाटेत साप आडवा आला तर हीच यंत्रणा आपल्याला वाचवते. थोडी जाग आणणारी ही अवस्था परीक्षेतही उपयोगीच पडते. अडचण त्यानंतर येते. काही मिनिटांतच त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक वाढू लागते, आणि ते जास्त झाले की साठवलेले आठवण्याच्या कामात अडथळा येतो. माहिती मेंदूत असते, पण दार उघडत नाही. घरी पोहोचता पोहोचता, एस.टी.त बसल्यावर, उत्तर लख्ख आठवते, याचा अनुभव बहुतेकांनी घेतला असेल.

यावर तुम्हाला आपली वाचण्याची आणि आठवण्याची जोडी पुन्हा भेटते. २०१६ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी काही जणांना शब्द आणि चित्रे पुन्हापुन्हा पाहून शिकायला सांगितली आणि इतरांना आठवून. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या काहींना मुद्दाम ताण दिला : अनोळखी परीक्षकांपुढे आयत्या वेळी भाषण करायचे, तोंडी हिशेब करायचे. पाहून शिकलेल्यांचे स्मरण ताणाखाली घसरले. आठवून शिकलेल्यांचे घसरले नाही. एवढ्या एका प्रयोगावरून फार मोठे बोलू नये. पण ताणावरचा उपाय परीक्षेच्या सकाळी शोधण्यापेक्षा तो रोजच्या अभ्यासाच्या रीतीतच असू शकतो, हा त्याचा रोख लक्षात घेण्यासारखा आहे.

तरीही त्या क्षणी काय करावे? एक प्रयोग आत्ताच करा. मनगटावर नाडी धरा. चार मोजत श्वास आत घ्या, आणि सात-आठ मोजत सावकाश बाहेर सोडा. नाडी श्वास घेताना किंचित भरभर आणि सोडताना सावकाश चालते असे जाणवेल. तुमच्या वयात हा फरक चांगला स्पष्ट असतो. हृदयाला आवर घालणाऱ्या मज्जातंतूचा जोर श्वास सोडताना वाढतो. असे दहा श्वास घ्यायला दोन-तीन मिनिटे लागतात. न येणारे त्याने येणार नाही, एवढे मात्र खरे.

झोपेविषयी थोडक्यात. १९२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरे पाठ करायला दिली. आठ तास झोपून उठल्यावर त्यांना दहांपैकी पाच-सहा आठवत. आठ तास जागेपणी घालवले तर जेमतेम एखादे. दिवसभरात शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो, याला पुढे पुष्कळ पुरावा मिळाला आहे. तेव्हा रात्र जागवून मिळवलेले चार तास हे बहुधा तोट्याचे असतात.

हे सारे दिनक्रमात बसवायला वेगळा वेळ लागत नाही. बारामती-इंदापूर रस्ता सुमारे ५० किलोमीटरचा आहे. त्यावर रोज जाणे-येणे करणाऱ्याला एस.टी.तला वेळ मिळतोच. त्या गर्दीत वही उघडणे कठीण, पण वही मिटून 'आज तीन तासांत काय काय झाले' हे आठवणे सहज जमते. घरी गेल्यावर कोऱ्या कागदावर ते उतरवा, मग वही उघडून जे सुटले त्यावर खूण करा. तोच भाग तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा. सोडवलेले उदाहरण वाचायचे असेल तर उत्तर हाताने झाकून. चुकाल, अडाल, पहिले काही दिवस हे वाचण्यापेक्षा त्रासाचे वाटेल. तो त्रास म्हणजेच काम होत असल्याची खूण.

ताण मात्र केवळ अभ्यासाचाच असतो असे नाही. फीची काळजी, घरची ओढाताण, वसतिगृहातला एकटेपणा यांवर कोरा कागद चालत नाही. दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर घरच्यांशी किंवा विश्वासाच्या शिक्षकाशी त्याच दिवशी बोला. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

शिक्षकांसाठी वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग देतो. भुईमुगावर किंवा उजनी धरणावर पानभर मजकूर तयार करा. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट पाडा. दोघांनाही तो सात मिनिटे वाचू द्या. नंतरच्या सात मिनिटांत एका गटाने तो पुन्हा वाचावा, दुसऱ्याने कागद उलटा ठेवून आठवेल ते लिहावे. लगेच दोन्ही गटांना विचारा, आठवड्याने यातले किती आठवेल? आकडे फळ्यावर लिहून वहीत उतरवून ठेवा. मग आठवड्याने, आधी न सांगता, दोन्ही गटांकडून मजकूर लिहून घ्या आणि मुद्दे मोजा. गुण देऊ नका. गुण देणार असे कळले, की मुले आदल्या रात्री पाठ करून येतील आणि प्रयोग तेथेच संपेल.