जुन्या धुराड्याचे अस्तर

थंड प्रदेशातील घरात शेगडीइतकेच महत्त्व धुराड्याला असते. शेगडी ऊब देते. त्याच ज्वलनातून निर्माण होणारे घातक वायू घराबाहेर नेण्याचे काम धुराडे करते. परंतु शेगडी डोळ्यांसमोर असते आणि धुराड्याचा अंतर्भाग कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. त्यामुळे शेगडी बदलते, इंधन बदलते, धुराडे मात्र जसेच्या तसे राहते. ब्रिटनमधील जुन्या घरांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. शेगडी जितकी कार्यक्षम, तितके तिला जुने धुराडे अधिक गैरसोयीचे, असा त्या अनुभवाचा निष्कर्ष आहे. हा निष्कर्ष वरवर पाहता विपरीत वाटतो. परंतु त्यामागील कारणे ध्यानात घेतली, म्हणजे धुराड्याला आतून नवे अस्तर का द्यावे लागते, याचा उलगडा होतो.

ब्रिटनमधील जुनी धुराडी विटांची आहेत. धूर ज्या पोकळीतून वर जातो, ती धूरवाट साधारणतः ९ इंच बाय ९ इंच किंवा १४ इंच बाय ९ इंच असे. प्रत्येक खोलीच्या शेगडीची धूरवाट स्वतंत्र असली, तरी अशा अनेक वाटा एकाच धुराड्यातून शेजारी शेजारी जात, आणि दोन वाटांमध्ये बहुधा अर्ध्या विटेची भिंत एवढाच आडोसा असे. लागून बांधलेल्या घरांत तर या भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्याची धूरवाट असे. वाटेच्या आतील बाजूस चुन्याचा गिलावा करीत आणि त्यात गाईचे शेण मिसळीत. शेणाने भिंती व जमिनी सारवण्याची प्रथा परिचित असलेल्या मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. शेणामुळे गिलावा चिवट होई आणि तापण्यानिवण्याने सहजी तडकत नसे. या धुराड्याचे मूळचे अस्तर काय ते एवढेच. शंभर वर्षांच्या वापरात आम्लयुक्त धुराने ते झिजते, सुटते आणि तुकड्यातुकड्यांनी खाली पडते. मग विटांचे सांधे उघडे पडून तेही झिजू लागतात.

धूर वर का जातो, हे येथे पाहणे अगत्याचे आहे. तापलेला वायू थंड हवेपेक्षा हलका असतो, आणि धुराड्यातील हलका स्तंभ व बाहेरील जड हवा यांच्या भारातील फरकामुळे धुराला ओढ मिळते. धुराड्याची उंची ८ मीटर, बाहेरील हवा ५ अंश सेल्सिअस आणि आतील धुराचे सरासरी तापमान १५० अंश मानल्यास ही ओढ सुमारे ३४ पास्कल भरते. तोच धूर वाटेत निवून सरासरी ६० अंशांवर आला, तर ओढ सुमारे १६ पास्कलांवर येते, आणि त्यातूनही घर्षणाची वजावट करावी लागते. बंद शेगडीला सामान्यतः १२ पास्कलांच्या आसपास ओढ लागते. म्हणजे धूर निवला, की सुरक्षिततेस फारसा वाव उरत नाही.

पूर्वीच्या उघड्या शेगडीच्या बाबतीत हा प्रश्न तीव्र नव्हता. तिच्यातील बहुतेक उष्णता धुराबरोबरच निघून जाई. खोलीतील पुष्कळ हवाही धुराबरोबर वर ओढली जाई आणि त्यामुळे धुरातील बाष्प विरळ होई. अपव्यय मोठा होता. परंतु त्याच अपव्ययामुळे धुराडे उबदार व कोरडे राही. काउंट रम्फर्ड याने १७९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात शेगडीवरील धुराड्याचा गळा सुमारे ४ इंचांपर्यंत अरुंद करण्याचे सुचविले होते. धूरवाटेचे माप हे कामाच्या मानाने असावे, हे तत्त्व तेव्हाच ध्यानात आले होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिस्थिती पालटली. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पसरलेल्या घातक धूरधुक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला आणि घरगुती कोळशाच्या धुरावर नियंत्रण आले. उघड्या शेगड्यांची जागा हळूहळू बंद शेगड्यांनी व गॅसच्या उपकरणांनी घेतली. १९६५ च्या बांधकाम नियमांनी इंग्लंड व वेल्समधील नव्या धूरवाटांना अस्तर आवश्यक ठरविले. परंतु त्यापूर्वीची असंख्य घरे तशीच राहिली.

बंद शेगडी इंधनातील सत्तर टक्क्यांहून अधिक उष्णता घरास देऊ शकते. साहजिकच धुराच्या वाट्याला थोडी उष्णता येते, आणि हा अल्प, कोमट धूर ९ इंची चौकोनी वाटेत शिरला, की मंद गतीने चढतो व थंड विटांना आपली ऊब देऊन टाकतो. मग त्यातील बाष्पाचे पाणी होते. हे पाणी थोडेथोडके नसते. पूर्ण कोरडे असे एक किलोग्रॅम लाकूड जळाले, तरी त्यातील हायड्रोजनपासून सुमारे अर्धा किलोग्रॅम पाणी तयार होते. लाकूड ओले असल्यास त्यातील ओलाव्याची यात भर पडते. एक किलोग्रॅम मिथेन जळाल्यास तर सव्वादोन किलोग्रॅम पाणी निर्माण होते.

या ओलाव्याचे परिणाम तिहेरी असतात. लाकडाच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणारी डांबरट द्रव्ये थंड भिंतीवर थिजतात. तो थर पुढे पेटला, तर धुराड्यातील तापमान १००० अंशांवर जाते आणि भिंतीत घातलेल्या तुळयांना आग लागू शकते. दुसरे असे, की कोळशातील गंधकापासून बनलेली सल्फेटे पाण्यात विरघळून सिमेंटच्या सांध्यांत मुरतात व सिमेंटमधील घटकांशी संयोग पावून सांधे फुगवितात. पावसाचा मारा ज्या बाजूस अधिक असतो, ती बाजू अधिक वाढते आणि छपरावरील धुराडे दुसऱ्या बाजूस वाकते. तिसरा परिणाम सर्वांत भयंकर होय. ओढ मंदावली व सांधे उघडे असले, की कार्बन मोनॉक्साइड वायू वरच्या मजल्यावरील शयनगृहात, किंवा शेजाऱ्याच्या घरातही झिरपतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आसक्तीने संयोग पावतो. झोपलेल्या माणसास धोक्याची जाणीव होण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपलेली असते.

अस्तर या तिन्ही दोषांवर एकदम उपाय करते. ते धूरवाट निश्छिद्र करते, तिचे माप शेगडीजोगे करते आणि धूर उबदार ठेवते. ९ इंची चौकोनी वाटेत ६ इंच व्यासाची नळी बसविली, तर क्षेत्रफळ जवळजवळ एकतृतीयांशावर येते. त्यामुळे धुराचा वेग सुमारे तिप्पट होतो आणि निवण्यास त्याला अवधी मिळत नाही.

अस्तराचे तीन प्रकार प्रचलित आहेत. पहिला प्रकार भाजलेल्या मातीच्या किंवा काँक्रीटच्या नळ्यांचा. त्या एकीवर एक रचताना प्रत्येक नळीचे रुंद तोंड वर ठेवावे लागते, म्हणजे ओघळणारे पाणी आतच राहते. उलट बसविल्यास ते सांध्यातून बाहेर पडून विटांत मुरते. दुसऱ्या प्रकारात धूरवाटेत रबरी नळा सोडून तो हवेने फुगवितात, भोवती हलके काँक्रीट ओततात आणि ते घट्ट झाल्यावर नळा काढून घेतात. वाकड्या व खचलेल्या धुराड्यास यामुळे बळकटीही येते. तिसरा प्रकार लवचीक स्टेनलेस स्टीलच्या नळीचा. ती छपरावरून खाली सोडता येत असल्याने काम लवकर होते. लाकूड व कोळसा यांसाठी दुपदरी, मॉलिब्डेनमयुक्त पोलादाची नळी लागते. गॅससाठी बनविलेली एकपदरी नळी येथे वापरणे धोक्याचे होय. नळीभोवती व्हर्मिक्युलाइटसारखे उष्णतारोधक द्रव्य भरल्याने धूर उबदार राहतो. मात्र या नळीचे आयुष्य मर्यादित असते, आणि शेगडी बदलताना तीही बदलणे श्रेयस्कर ठरते.

अस्तर घालण्यापूर्वी जुनी काजळी व डांबर काढून टाकणे अपरिहार्य आहे. अन्यथा नळीमागे ज्वालाग्राही थर तसाच राहतो. काम पुरे झाल्यावर धूरचाचणी घेतात. वाट थोडी तापवून खाली धुराची गोळी पेटवितात, वरचे तोंड बंद करतात आणि वरच्या खोल्या, माळा व शेजारचे घर येथे कोठे धूर दिसतो का, ते पाहतात. खोलीत हवा येण्यास कायमची वाट लागते, कारण आत हवा आल्याखेरीज धूर बाहेर जात नाही. इंग्लंडमध्ये २०१० पासून घन इंधनाची नवी शेगडी बसविताना कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसविणेही आवश्यक आहे. ते अस्तराची जागा घेऊ शकत नाही. अस्तर निकामी झाल्याची वार्ता मात्र वेळेवर देऊ शकते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शेगडी व धुराडे या दोन वस्तू नसून ते एकच यंत्र आहे. त्याचा एक भाग सुधारून दुसरा तसाच ठेवला, तर इंधनात होणारी बचत घरातील माणसांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून नव्या शेगडीची निवड करण्यापूर्वी जुन्या धुराड्याची आतून तपासणी करणे, हाच योग्य क्रम होय.