इनामगावचा पाट आणि आजची ग्रामसभा

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्या असूनही येथील माणसाचे लक्ष सदैव आभाळाकडे लागलेले असते. पाणी कोणी साठवायचे आणि कोणी वाटायचे, हा प्रश्न येथे तीन हजार वर्षांहून जुना आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी या संशोधकांनी इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आणली. तेथे पाण्यासाठी खोदलेला पाट व बांध आढळला. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार सापडले. हे घर ग्रामप्रमुखाचे असावे व गावाचे धान्य कोठारात जमा होत असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. पाट खोदणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. त्यामागे गावाची काहीतरी व्यवस्था असलीच पाहिजे. पुढे इ. स. पूर्व १००० नंतर हवामान कोरडे होत गेले, प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेर वसाहत उठली.

आज चिंचणीचे घोड धरण आणि खडकवासल्याचा कालवा यांमुळे या भूमीचे रूप पालटले आहे. जिथे बाजरी डोलत असे, तिथे ऊस उभा आहे. मात्र कालव्यापासून दूर असलेल्या वाड्यावस्त्यांची तहान उन्हाळ्यात तशीच राहते.

ग्रामप्रमुखाच्या कोठाराची जागा आता कायद्याने घेतली आहे. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी त्रिस्तरीय पंचायत राज्य सुरू झाले. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावाच्या मतदारयादीतील प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. पिण्याचे पाणी, रस्ते, गावाचा विकास आराखडा व खर्चाचा हिशेब हे विषय तेथे मांडता येतात. तिच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, तितकी उपस्थिती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे आपण घरी बसलो, तरी निर्णय थांबत नाहीत. ते उपस्थित असलेले मोजके लोक घेतात. मग वस्तीवरची कोरडी विहीर कोणाच्या स्मरणात राहणार?

वाचकहो, इनामगावच्या सामान्य शेतकऱ्याला कोठारातील धान्याचा हिशेब विचारता येत होता की नाही, हे माती सांगत नाही. आपल्याला तो अधिकार लेखी मिळाला आहे. पुढच्या ग्रामसभेची सूचना लागेल, तेव्हा ती अवश्य वाचावी, शेजाऱ्यालाही सांगावी आणि वेळेवर हजर राहावे.