खानदेशांतील शिकारीचे परवाने : एका उपेक्षित कागदवर्गाचा परिचय

जुन्या घराण्यांचीं दफ्तरें तपासतांना सनदा, वतनपत्रें, महजर, कर्जरोखे व जमाखर्च हे कागद संग्राहक मोठ्या आस्थेनें वेगळे काढतात. त्याच रुमालाच्या तळाशीं जंगलखात्याच्या शिक्क्याचा, अर्धा छापील व अर्धा हातानें भरलेला एखादा कागद निघाला, तर तो मात्र रद्दींत टाकला जातो. असा कागद पुष्कळदां शिकारीचा परवाना असतो. कोणा हौशी गृहस्थाच्या करमणुकीची ती चिठ्ठी, तिला इतिहासांत काय स्थान, असा समज या उपेक्षेच्या मुळाशीं आहे. आमचें मत निराळें आहे. जळगांव व धुळें या दोन जिल्ह्यांच्या रानांचा, रानांतील जनावरांचा व रानांत राहणाऱ्या माणसांचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास हे परवाने पहिल्या प्रतीचें साधन ठरतील. ते कसे मिळत व कसे वाचावे, हें थोडक्यांत सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. शिकार व परवाना हे दोन्ही शब्द फारसींतून मराठींत आले, व दोन्हींना राजसत्तेचा वास आहे. परवाना म्हणजे मूळ अर्थानें सरकारी आज्ञापत्र. मोठी शिकार हा त्या काळीं राजाचा विहार होता. खानदेश सुभ्याचें ठाणें जें बुऱ्हाणपूर, त्याच्या समोर तापीच्या पलीकडील तीरावर झैनाबाद येथें मोगलांचा आहूखाना, म्हणजे हरणांचें राखीव रान, होता. १६३१ सालीं मुमताझमहल बुऱ्हाणपुरास वारली तेव्हां तिचें शव प्रथम झैनाबादेसच पुरलें होतें. पेशव्यांचाही पुण्यास शिकारखाना होता. परंतु राजाचें हें राखीव रान सोडलें, तर डोंगरांतील बाकीचें अफाट जंगल कोणत्याही कचेरीच्या परवान्यावांचून भिल्लाच्या तीरकामठ्यास मोकळें होतें.

इंग्रजी अंमलाच्या आरंभीं स्थिति अगदी उलट झाली. १८०३ चा दुष्काळ, होळकरी फौजांची लुटालूट व पेंढाऱ्यांचा उपद्रव यांनीं खानदेशचीं गांवें ओस पडलीं होतीं. शेतांत झुडपें माजलीं व झुडपांत वाघ आले. १८२२ सालीं अवघ्या कांहीं महिन्यांत वाघांनीं ५०० माणसें व २०,००० गुरें मारलीं, अशी नोंद १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरांत आहे. अशा काळीं शिकारीस परवाना कोण मागणार ! उलट सरकारच वाघ मारणारास बक्षीस देत असे. १८२५ सालीं धरणगांव येथें भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स औट्रम यानें शिकार हेंच भिल्लांशीं स्नेह जोडण्याचें साधन केलें. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत त्याच्या समक्ष १९१ वाघ पडले, असें त्याच्या चरित्रांत नमूद आहे. चाळीसगांव व कन्नड यांमधील घाटास आजही त्याचें नांव आहे. त्याच्याही आधीं, १८१९ च्या एप्रिलांत, खानदेशच्या दक्षिण सीमेवर वाघाच्या मागावर निघालेल्या जॉन स्मिथ या मद्रासी फौजेच्या अधिकाऱ्यास अजिंठ्याचीं लेणीं दिसलीं, व दहाव्या लेण्यांतील खांबावर त्यानें आपलें नांव कोरून ठेवलें. त्याच्या शिकारीची तारीख आपणांस ठाऊक आहे ती या खांबामुळें. त्या काळीं शिकाऱ्यास कागद बाळगण्याचें कारणच नव्हतें.

कागदाचें युग १८७८ सालीं सुरू झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्या एकाच वर्षीं दोन कायदे झाले. सातव्या कायद्यानें राखीव जंगलांत नियमांविरुद्ध शिकार करणें, सांपळे लावणें व पाण्यांत विष कालविणें हे गुन्हे ठरले. अकराव्या कायद्यानें बंदूक बाळगण्यास परवाना आवश्यक झाला. म्हणजे रान व हत्यार हीं दोन्ही एकदमच सरकारच्या किल्लीखालीं आलीं. १८२२ सालीं वाघ मारणारास सरकार पैसे देत होतें. आतां वाघ मारूं इच्छिणारानें सरकारास पैसे द्यावयाचे होते. बक्षिसाची पद्धत मात्र लगेच बंद पडली नाहीं; उपद्रवी जनावराबद्दल बक्षीस व हौसेच्या शिकारीबद्दल फी, या दोन्ही गोष्टी पुष्कळ वर्षें शेजारीं शेजारीं चालल्या. म्हणून एकाच घरांत एकाच दशकांतील बक्षिसाची पावती व फीची पावती सांपडल्यास संशोधकानें गोंधळून जाऊं नये. १९१२ सालच्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाच्या कायद्यानें हरणें, गवे इत्यादि जनावरांसाठीं बंद हंगाम ठेवण्याची सोय झाली. त्या यादींत वाघाचें नांव नव्हतें. यावरून वाघाकडे त्या वेळीं कोणत्या दृष्टीनें पाहत हें स्पष्ट होतें.

आतां परवाना मिळविण्याची रीत. राखीव जंगलाचे ठरीव भाग पाडलेले असत. त्यांस कचेरींत शिकारीचे ब्लॉक म्हणत. एका ब्लॉकांत एका मुदतींत एकाच मंडळीस जाऊं देत. म्हणून शिकाऱ्याचें पहिलें काम बंदूक साफ करण्याचें नसून अर्ज वेळेवर करण्याचें होतें. विभागाच्या जंगल अधिकाऱ्याकडे अर्ज जाई. त्यांत अर्जदाराचें नांव, बंदुकीच्या परवान्याचा तपशील, हवा असलेला ब्लॉक व हव्या असलेल्या तारखा लिहाव्या लागत. परवान्यावर कोणत्या जातीचीं किती जनावरें मारतां येतील तो आंकडा, फी व अटी येत. मादी व पिलूं मारूं नये, पाणवठ्यावर अगर खारीच्या जागीं दबा धरूं नये, रात्रीं दिव्याच्या उजेडांत गोळी घालूं नये, अशा धर्तीच्या या अटी असत.

तारखांची निवड हा अर्जांतील सर्वांत बोलका भाग आहे. चैत्र-वैशाखांत सातपुड्याचे नाले आटतात, पानें झडून रान उघडें पडतें, व पाणी राहिलेल्या थोड्या डोहांच्या आसपासच वाघ मुक्काम धरतो. मचाण बांधून, हेला बांधून किंवा हाका घालून वाघ मिळण्याचा काळ तो हाच. सांबराची शिंगें हिवाळ्यांत पूर्ण तयार असतात; शिंगांची हौस असणारा तेव्हां अर्ज करी. पावसाळ्यांत डोंगर बहुतेक बंदच. यास्तव एखाद्या परवान्यावर जनावराचें नांव पुसट झालें असलें तरी तारखेवरून अर्जदाराच्या मनांत काय होतें याचा अजमास करतां येतो.

तसेंच हद्दींकडे लक्ष द्यावें. १९०६ सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढें जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले, व १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणून धडगांव-तोरणमाळचा जुना कागद पश्चिम खानदेशच्या नांवाखालीं शोधावा लागतो. शिवाय स्वातंत्र्यापूर्वीं सातपुड्याच्या उत्तरेस होळकरांचें व बडवानीचें राज्य होतें, पूर्वेस बुऱ्हाणपूरकडे मध्यप्रांत लागे, व अजिंठ्याचा डोंगर ओलांडला कीं निजामाची हद्द. खानदेशचा परवाना यांपैकीं कोठेंही चालत नसे. वाघास ही हद्द ठाऊक नव्हती, पण शिकाऱ्यास होती. एकाच मोसमाचे दोन निरनिराळ्या सरकारांचे परवाने एका दफ्तरांत मिळाले तर ते एकमेकांशेजारीं ठेवूनच वाचावे.

वाचतांना तीन गोष्टींची सावधगिरी बाळगावी. पहिली, परवान्यांतील आंकडा ही मर्यादा आहे, मारलेल्या जनावरांची संख्या नव्हे. एका वाघाचा परवाना घेऊन रिकाम्या हातानें परतलेले शिकारी थोडे नसतील. परवान्याची पाठ पाहावी. शिकारीची नोंद तेथें किंवा सोबतच्या कागदांत असल्यास तीच खरी. दुसरी, परवाना दिला यावरून त्या रानांत तें जनावर होतें असें एकदम ठरवूं नये. पण तेंच जनावर एका ब्लॉकच्या परवान्यांतून एका सालापासून नाहींसें झालें, तर तो पुरावा मोलाचा आहे. म्हणून सुटा परवाना थोडें सांगतो, आणि एकाच ब्लॉकच्या वीस वर्षांच्या परवान्यांची मालिका पुष्कळ सांगते. तिसरी, कागदावर ज्यांचीं नांवें नाहींत त्यांचाही विचार करावा.

ही तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. परवान्यावर साहेबाचें, जहागीरदाराचें किंवा वकिलाचें नांव असे. परंतु वाघाचा माग काढणारा, मचाण बांधणारा व हाक्यांत जीव धोक्यांत घालून चालणारा भिल्ल अगर पावरा असे. त्याचें नांव मिळालेंच तर मजुरीच्या हिशेबांत मिळतें. जें रान त्याच्या पूर्वजांस मोकळें होतें, त्यांत तोच तीरकामठा घेऊन शिरल्यास गुन्हेगार ठरूं लागला, आणि त्याच रानाचा पंधरवडा दुसऱ्याच्या नांवें लिहून मिळूं लागला. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें जमिनीचे व वनोपजाचे हक्क मान्य केले, परंतु शिकारीचा परंपरागत हक्क त्यांतून स्पष्ट शब्दांनीं वगळला. जनावरांची आजची स्थिति पाहतां तें योग्यच झालें. तथापि हा हक्क कोणी, केव्हां व कोणत्या कागदानें काढून घेतला हें इतिहासानें नोंदलें पाहिजे, आणि तो कागद म्हणजे हाच परवाना.

पुढील कथा थोडक्यांत सांगतां येते. १९५१ सालीं मुंबई राज्यानें वन्य पशु व पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याच्या रचनेंत पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. १९६९ सालीं यावल अभयारण्य झालें. १९७० सालीं वाघाच्या शिकारीस देशभर बंदी आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें परवान्यांचे विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार व जिवंत पकडणें असे चार प्रकार केले, आणि मारलेल्या जनावराची लेखी खबर देणें परवानेदारावर बंधनकारक केलें. १९९१ च्या दुरुस्तीनें हे परवानेच रद्द झाले. म्हणजे १८७८ पासून सुरू झालेला हा कागदवर्ग १९९१ सालीं संपला. यापुढें त्यांत भर पडणार नाहीं. जें आहे तें घरोघरच्या पेट्यांत आहे आणि तें दरसाल कमी होत आहे.

इतर देशांत ही पद्धत अद्याप जिवंत आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत मोठ्या जनावरांचे मोजके परवाने चिठ्ठ्या टाकून वाटतात. पुष्कळ ठिकाणीं ज्याची चिठ्ठी निघत नाहीं त्याच्या नांवें गुण जमा होऊन पुढील सालीं त्याचा संभव वाढतो. पाकिस्तानच्या उत्तरेकडील डोंगरांत मारखोर या रानबोकडाचे परवाने लिलावानें जातात. आंतरराष्ट्रीय कराराखालीं त्यांची संख्या २००२ सालीं वर्षास बारा ठरली, व फीचे शेंकडा ऐशीं भाग त्या खोऱ्यांतील गांवकऱ्यांस मिळतात. खानदेशचा परवाना याच्याशेजारीं ठेवून पाहिला म्हणजे आमच्याकडे फीचा वाटा कोणास मिळाला व कोणास मिळाला नाहीं, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

संग्राहकांस शेवटीं एक व्यवहाराची सूचना. परवान्यासोबत पुष्कळदां कातडें, मुंडकें किंवा शिंगेंही निघतात. जुना परवाना हा त्या वस्तूच्या मालकीचा दाखला नव्हे. १९७२ च्या कायद्याप्रमाणें मालकीचें प्रमाणपत्र निराळें असतें; असें प्रमाणपत्र असलें तरी ती वस्तु विकतां येत नाहीं; आणि वारशानें आली असल्यास नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांस कळवावें लागतें. कागद मात्र खुशाल जपावा. त्याची पाठपोट नक्कल करावी, ब्लॉकचें नांव, तारखा व जनावरांचे आंकडे उतरून घ्यावे, आणि ज्या घरांत तो मिळाला तेथील वृद्धांस हाक्यांत कोण होतें तें विचारावें. हीं नांवें कागदावर नाहींत. ज्यांच्या स्मरणांत तीं आहेत तीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून रुमाल सोडविले, तेव्हां ज्या कागदांस घरचीं माणसें रद्दी समजत त्यांतूनच मराठ्यांचा इतिहास निघाला. १९२६ सालीं धुळ्यास त्यांचा देह पडला, व त्यांचा संग्रह तेथेंच राहिला. त्याच धुळ्याच्या व जळगांवच्या घरांतील शिकारीचे परवाने आतां आपल्या हातून जाऊं नयेत, इतकीच आमची वाचकांस विनंति आहे.