रोहिणी उघडली, तरी...

हृदयविकाराच्या झटक्यानंतर फुग्याने रोहिणी रुंद करतात. अँजिओग्राफीच्या चित्रात ती मोकळी दिसते आणि घरचे निश्चिंत होतात. पण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या त्या चित्रात उमटतच नाहीत. मधुमेह्यांची अडचण बहुधा तिथेच असते!

जोराच्या व्यायामात निरोगी हृदयाचा रक्तपुरवठा ३-४ पट वाढतो. वाहिनीच्या आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते, त्याने भिंतीतील स्नायू सैलावतात व वाहिनी रुंदावते. (या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले.) रक्तात साखर सतत जास्त राहिली की हा वायू कमी पडतो. मग मोठी रोहिणी उघडूनही हृदयाच्या स्नायूला चालताना पुरेसे रक्त मिळेलच असे नाही. त्यात मधुमेहाने चेतातंतू दुबळे झालेले असले तर छातीत कळही येत नाही. नुसता दम लागतो, आणि तो वयावर ढकलला जातो.