अक्षराआधीचा धडा

मुलास वाचता येत नाही अशी तक्रार आली म्हणजे आपल्या घरी व शाळेत ताबडतोब निकाल होतो. आणि तो बहुधा मुलाविरुद्ध होतो. मूल मठ्ठ आहे, द्वाड आहे, त्याचे लक्ष नाही, असे ठरवून आपण मोकळे होतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून दिलेला निकाल कोणतेही न्यायासन ग्राह्य मानणार नाही. या मुक्या प्रतिवादीचे वकीलपत्र ज्यांनी जन्मभर चालविले, त्या कै. ताराबाई मोडक यांचे चरित्र आमच्या वाचकांनी अवश्य मनन करावे.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. राजकोट येथील स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजाचे प्रमुखपद त्यांस लाभले होते. ते सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात लहान मुलांमध्ये जाऊन बसल्या आणि १९२६ साली उभयतांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला.

त्यांच्या पद्धतीचे मर्म थोडक्यात असे. घोकंपट्टी आणि छडी यांनी अक्षर ओळखीचे होईल, पण प्रिय होणार नाही. माँटेसोरीबाईंच्या पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून प्रथम बोट फिरविते. हात, डोळा व कान यांची ओळख पटली की वाचन आपोआप मागून येते. गोष्टी, गाणी व खेळ हा त्या वाचनाचाच पहिला धडा होय.

हे श्रीमंतांच्या मुलांचे चोचले आहेत, असा आक्षेप कोणी घेतील. त्यास ताराबाईंनी कृतीने उत्तर दिले. १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांस तेथेच येऊन मिळाल्या. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे व पाने आली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. धाकटे भावंड कडेवर असल्यामुळे मुलगी शाळेस मुकते, हे ओळखून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी सिद्ध झाली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये हे कार्य चालले. ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. अनुताईंनी १९९२ साली देह ठेवीपर्यंत हे व्रत सोडले नाही.

१९७५ साली सरकारी बालविकास योजना निघाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नाव घेतले, पण मान दिला काय? अंगणवाडीच्या सेविकेस आजही वेतन मिळत नाही, मानधन मिळते. पाया रचणाऱ्या गवंड्यास कमी मजुरी आणि रंग देणाऱ्यास अधिक, असा हिशेब कोणता व्यापारी आपल्या इमारतीच्या कामी मान्य करील? तीन ते सहा वर्षांच्या वयाचे महत्त्व २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मान्य केले आहे. परंतु कागदावरचा हुकूमनामा बजावल्याखेरीज पदरात काही पडत नाही.

हायस्कुलाच्या भिंतीवर देणगीदार म्हणून नाव कोरून घेणाऱ्या आमच्या सधन गृहस्थांस एवढीच विनंती आहे की, त्यांनी आपल्या पेठेतील अंगणवाडीत एकदा जावे. तेथे छप्पर गळते काय, पिण्यास पाणी आहे काय, मुलांच्या हाती चित्रांचे एक तरी पुस्तक आहे काय, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. आणि मग कोणते मूल मठ्ठ आहे ते आम्हांस सांगावे.