कुटुंबवत्सल बाबा

आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाआधी ‘कुटुंबवत्सल’ हे विशेषण सहज लागते. त्यामागचा हिशेबही ठरलेला असतो. घर बांधले, मुलांची शिक्षणे केली, लग्ने वेळेवर उरकली, बायकोला काही कमी पडू दिले नाही. या हिशेबात मुरलीधर देवीदास आमटे यांना बसवायला जावे, तर पहिल्याच रकान्यात अडचण येते. हिंगणघाटला २६ डिसेंबर १९१४ रोजी जमीनदाराच्या घरी जन्मलेला, वकिलीची सनद हाती असलेला हा गृहस्थ, दोन लहान मुले पदरात असताना सारे सोडून कुष्ठरुग्णांमध्ये जाऊन राहिला. अशा माणसाला कुटुंबवत्सल म्हणावे काय?

त्या संसाराची सुरुवातच वेगळी होती. नागपूरच्या एका लग्नघरात सारी मंडळी समारंभात गुंतलेली असताना इंदू घुले नावाची मुलगी म्हाताऱ्या मोलकरणीला धुणे धुऊ लागत होती. बाबांनी ते पाहिले आणि हिच्याशीच लग्न करायचे ठरविले. डिसेंबर १९४६ मध्ये लग्न झाले. सनातनी शास्त्र्यांच्या घरातली इंदू ‘साधना’ होऊन वरोऱ्याला आली.

वरोऱ्यातच एका पावसाळी रात्री तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण बाबांना रस्त्याकडेला पडलेला दिसला. कशालाही न भिणारे बाबा त्याला पाहून भ्यायले. ती भीती त्यांना सोसवेना. तेथून पुढे कलकत्त्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगाच्या उपचाराचे शिक्षण घेतले. संशोधनासाठी कुष्ठरोगाचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घ्यायलाही ते तयार झाले. बाप म्हणून हे धाडस योग्य होते का, असा प्रश्न आज कुणीही विचारील. विचारायलाही हवा. कारण त्या काळी या रोगाची दहशत अशी होती, की घरात एकाला चट्टा उठला तर साऱ्या घराण्याच्या सोयरिकी अडत.

१९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, विंचूसापांच्या माळावर आनंदवन सुरू झाले. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, खिशात चौदा रुपये, आणि बरोबर साधनाताई व पाच वर्षांच्या आतली विकास व प्रकाश ही दोन मुले. पुष्कळ थोर माणसे घर मागे ठेवून कार्याला निघतात. संसाराचा भार मग कुणी दुसरेच वाहते. बाबांनी घर मागे ठेवले नाही. कार्याच्या मधोमधच चूल मांडली. जो धोका स्वतःचा, तोच मुलांचा. इतरांच्या मुलांना एक न्याय आणि आपल्यांना दुसरा, असे तिथे नव्हते.

या हिशेबातली मोठी रक्कम साधनाताईंच्या नावावर लिहावी लागते. विहीर खणायला बाबा आणि रुग्ण उतरले असतील, पण माळावर आलेल्या प्रत्येकाच्या जेवणाची, दुखण्याखुपण्याची काळजी त्यांच्या वाट्याला आली. स्वतःच्या आठवणींना त्यांनी ‘समिधा’ हे नाव दिले, त्यातच सारे आले. समिधा जळते तेव्हा लोक ज्वाळेकडे पाहतात. बाबांच्या एकनिष्ठेचे कौतुक करताना ही दुसरी निष्ठा विसरली, तर ते कौतुक अर्धवटच राहील.

आणि मुले? त्यांना लहानपणी कुणी विचारले नव्हते. पण पुढे नागपूरला दोघेही डॉक्टर झाले, तेव्हा वाट मोकळी होती. शहरात दवाखाना थाटला असता तर कुणी नावे ठेवली नसती. विकास आणि डॉ. भारती यांनी आनंदवन सांभाळले. डिसेंबर १९७३ मध्ये बाबांनी भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेला हा मुलूख तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होता. आनंदवनापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर, वीज नाही, धड रस्ता नाही, पावसाळ्यात नद्या फुगल्या की जगाशी संबंध तुटलेला. तिथे प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी संसार मांडायला गेले. बापाने इस्टेट ठेवली नाही, काम ठेवले. आणि मुलांनी ते वारसा म्हणून उचलले.

पण बाबांच्या कुटुंबवत्सलतेची खरी ओळख आनंदवनातल्या इतर संसारांत होते. ज्यांना नवऱ्याने, बायकोने, पोटच्या मुलांनी घराबाहेर काढले, अशांची लग्ने तिथे लागली, घरे उभी राहिली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत टिकून होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या लग्नांचे मोल कळते. रोगावर खात्रीचे औषध येऊन तोवर कित्येक वर्षे लोटली होती.

मणक्याच्या दुखण्याने बाबांना बसता येत नसे. उभे राहायचे, नाहीतर आडवे पडायचे. तशाच अवस्थेत १९९० मध्ये, पंचाहत्तरी झाल्यावर, ते आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले. या वयात माणसे नातवंडांत रमतात. साधनाताईंनी याही वेळी बिऱ्हाड आवरले आणि त्या बरोबर निघाल्या.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबा गेले. एकसष्ट वर्षांचा संसार संपला. इच्छेप्रमाणे त्यांचा देह न जाळता आनंदवनाच्याच मातीत ठेवला गेला. ९ जुलै २०११ रोजी साधनाताईही गेल्या.

तेव्हा कुटुंबवत्सल म्हणावे काय, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागेल. मात्र आपला नेहमीचा हिशेब त्यासाठी बदलावा लागतो. घरच्यांना किती सुखात ठेवले, एवढेच विचारून भागत नाही. घर म्हणताना कुणाकुणाला धरले, आणि त्याची किंमत घरातल्या कुणी मोजली, हेही विचारावे लागते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना साधनाताईंचे नाव आधी येते.